शुद्ध प्रथिनांचं लेबलिंग, कमी धोक्याच्या पद्धतींनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई आणि नवी मुंबईतल्या प्रयोगशाळांतून, बहुतेक एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात असलेल्या मुलामुलींकडून, हेच प्रश्न फिरून फिरून येतात. सोपे आधी घेतले आहेत, अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. लेबलिंगमध्ये नेमका धोका कशाचा? डाय तर रंगच आहे ना?

लेबलिंग म्हणजे प्रथिनाला दिसेल किंवा मोजता येईल अशी खूण जोडणं, आणि अशा प्रत्येक लेबलचे दोन भाग असतात. एक भाग दिसतो किंवा मोजता येतो: डाय, बायोटिन, किरणोत्सारी आयोडीन. दुसरा भाग म्हणजे प्रथिनाला पकडणारा आकडा (हुक), म्हणजे एनएचएस एस्टर, आयसोथायोसायनेट (हे दोन्ही लायसिन या अमिनो आम्लाला धरतात) किंवा मॅलिमाइड (हा सिस्टिन या अमिनो आम्लाला धरतो). नव्या मुलांचं लक्ष रंगाकडे असतं, पण जपायचं असतं ते आकड्यापासून. ट्यूबमधलं लायसिन कुठलं आणि तुमच्या श्वासनलिकेतलं कुठलं, हे एनएचएस एस्टरला कळत नाही. आयसोथायोसायनेटची पूड नाकात जात राहिली तर अ‍ॅलर्जी जडू शकते, आणि एकदा जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. तिसरा धोका ज्यात हे विरघळवतो त्या द्रावकाचा (प्रश्न ७).

म्हणून पूड तोलायचीच नाही, हा पहिला नियम. आधीच मोजून भरलेल्या कुप्या मिळतात (१०० मायक्रोग्रॅम, १ मिग्रॅ), त्या घ्या. कुपीमागे किंमत जास्त वाटते, पण तराजूवर सांडलेला आणि ओल लागून मेलेला डाय हिशोबात धरला तर फरक फारसा उरत नाही.

२. आमच्याकडे अजून आयोडीन-१२५ लावतात. ती पद्धत खरंच सोडायला हवी का?

बहुतेक कामांसाठी हो. क्लोरामाइन-टी वापरून प्रथिनाच्या टायरोसिनवर आयोडीन बसवायची पद्धत हंटर आणि ग्रीनवूड यांनी १९६२ मध्ये दिली. रेडिओइम्युनोअ‍ॅसेसाठी, म्हणजे किरणोत्सारी खूण लावून हार्मोन मोजण्याच्या पद्धतीसाठी, रोझालिन यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं, त्या काळच्या हार्मोन मोजणीचा कणाच ही आयोडीन लावायची पद्धत होती. तेव्हा तिला पर्याय नव्हता.

अडचण अशी की मोकळं आयोडीन हवेत उडतं, श्वासावाटे आत जातं आणि थायरॉइडमध्ये साठतं. अर्धायुष्य सुमारे ५९.४ दिवस, म्हणजे ते लवकर संपतही नाही. त्याचे गॅमा किरण इतके कमी ऊर्जेचे (सुमारे ३५ केईव्ही) की साध्या जीएम काउंटरवर (किरणोत्सर्ग मोजणारं रोजचं यंत्र) सांडलवंड नीट दिसत नाही. पातळ सोडियम आयोडाइड स्फटिकाचा प्रोब लागतो. छातीवरचा, किरणोत्सर्ग नोंदवणारा टीएलडी बॅज फक्त बाहेरून आलेली मात्रा सांगतो, नाकातून आत गेलेल्या आयोडीनचा त्याला पत्ता नसतो. त्यासाठी थायरॉइडची मोजणी वेगळी करावी लागते.

यात प्रथिनाचंही नुकसान होतं. क्लोरामाइन-टी मेथिओनिनचं ऑक्सिडीकरण करतं, आणि टायरोसिन नेमकं बंध जुळण्याच्या जागी असेल तर मोजणीचे आकडे सुंदर येतात पण प्रथिन निकामी झालेलं असतं. खेरीज अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, कचऱ्याची नोंदवही, हे सगळं आलंच. ते टाळता येत नाही, टाळूही नये.

३. मग आयोडीनऐवजी कुठल्या कामाला काय वापरायचं?

सूक्ष्मदर्शक, फ्लो सायटोमेट्री (पेशी एकेक करून मोजणं): फ्लुओरेसेंट डायचा एनएचएस एस्टर. एलायझा, वेस्टर्न (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखायच्या चाचण्या): बायोटिन किंवा एचआरपी (रंग उमटवणारं एन्झाइम). रेडिओलिगँड (प्रथिनाशी जुळणारा, किरणोत्सारी खूण असलेला रेणू) लावून बंध मोजत असाल तर फ्लुओरेसेन्स पोलरायझेशन बघा. त्यात मोकळा आणि जोडलेला भाग वेगळा करावाच लागत नाही. पृष्ठभागावर प्रथिन एकाच दिशेने बसवायचं असेल तर एकाच जागी लागणारं बायोटिन (प्रश्न १३). नुसत्या जेलवर बँड बघायचा असेल तर लेबल कशाला? कूमासी हा प्रथिनं रंगवणारा डाय पुरेल.

४. एनएचएस डाय लावायची पूर्ण कृती सांगाल का?

आयजीजी प्रतिपिंड १ मिग्रॅ, तीव्रता २ मिग्रॅ प्रति मिली, म्हणजे ०.५ मिली, असं धरू.

प्रथिन आधी फॉस्फेट बफर सलाइनमध्ये आणा. ट्रिस (हाही एक बफर), ग्लायसिन किंवा अमोनियम सल्फेट असेल तर डाय प्रथिन सोडून त्यांनाच चिकटतो. «माझ्या प्रथिनाला डाय लागतच नाही» अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा शुद्धीकरणाच्या शेवटच्या कॉलममधला ट्रिसच निघतो. प्रथिन-ए (प्रतिपिंडाला धरणारं प्रथिन) असलेल्या कॉलमवरून आम्लात काढून ट्रिसने उदासीन केलेल्या प्रतिपिंडात तर ग्लायसिन आणि ट्रिस दोन्ही असतात.

मग १ मोलर सोडियम बायकार्बोनेट (पीएच ८.३ ते ८.५) ५० मायक्रोलिटर घाला. लायसिनचा अमाइन डायला धरतो तो प्रोटॉन सोडल्यावरच, म्हणून पीएच चढवायचा. फार चढवला तर पाणीच एस्टर खाऊन टाकतं: पीएच ७ ला आणि ० अंशाला त्याचं अर्धायुष्य चार-पाच तास असतं, पीएच ८.६ ला आणि ४ अंशाला जेमतेम १० मिनिटं.

आता डायची १ मिग्रॅची कुपी उघडून (आधी प्रश्न ६ वाचा) १०० मायक्रोलिटर कोरड्या डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवा. त्यातला हिशोबाप्रमाणे लागेल तेवढा (प्रश्न ५) प्रथिनात थेंबाथेंबाने, ट्यूब हलवत घाला. एका जागी ओतला तर तिथलं प्रथिन जास्त लेबल होऊन गोळा होतं. अंधारात, २० ते २५ अंशांवर १ तास हलकेच फिरवत ठेवा. शेवटी १ मोलर ट्रिस (पीएच ८) ३० मायक्रोलिटर घालून १० मिनिटं थांबा. इथे ट्रिस उपयोगी पडतो: उरलेला एस्टर त्याला लागून संपतो, आणि पुढे हाताळायला पकडणारा आकडा गेलेला डाय उरतो. मोकळा डाय काढायला लगेच कॉलम करा (प्रश्न ८).

एक मुंबईची गोष्ट. कृतीत «रूम टेम्परेचर» असतं ते २०-२५ अंशांचं. मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत ते ३२ असतं, आणि एस्टर त्याच प्रमाणात घाईने संपतो. वॉटर बाथ किंवा थर्मल ब्लॉक २२ वर लावून ठेवा.

५. डाय किती घालायचा, हे कसं काढायचं?

मोलमध्ये विचार करा, मिग्रॅमध्ये नाही. १ मिग्रॅ आयजीजी (रेणुभार १,५०,०००) म्हणजे ६.६७ नॅनोमोल. दहापट डाय म्हणजे ६६.७ नॅनोमोल. फ्लुओरेसिनच्या एनएचएस एस्टरचा रेणुभार ४७३ आहे, म्हणून ३१.६ मायक्रोग्रॅम; १० मिग्रॅ प्रति मिली द्रावणातून ३.२ मायक्रोलिटर. एवढंच.

प्रथिन पातळ असेल, ०.५ मिग्रॅ प्रति मिलीच्या खाली, तर पाण्याशी स्पर्धेत एस्टर हरतो. डाय वाढवण्यापेक्षा प्रथिन दाट करणं कधीही बरं.

६. पावसाळ्यात डाय लागतच नाही, उन्हाळ्यात लागतो. असं का?

ओल. जून ते सप्टेंबर इथली हवा पाण्याने जड असते. उणे २० वरून काढलेली कुपी लगेच उघडली की आतल्या गार पुडीवर दव धरतं आणि एस्टर तिथेच विघटित होतो. रंग तसाच राहतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. कॉलमवरून मात्र सगळा रंग मागाहून, मोकळ्या डायबरोबर उतरतो.

कुपी बंद ठेवून किमान अर्धा तास डेसिकेटरमध्ये (आत कोरडी हवा राखणारं भांडं) खोलीच्या तापमानाला येऊ द्या. डीएमएसओही हवेतलं पाणी ओढतो. वर्षभर बेंचवर उघडझाक झालेली मोठी बाटली वापरू नका, छोट्या सीलबंद कुपीतला घ्या. विरघळलेला उरलेला डाय परत फ्रीजरमध्ये ठेवण्याचा मोह होतो. कोरड्या डीएमएसओत तो काही दिवस टिकेलही, पण पावसाळ्यात भरवसा नको. पाण्यात विरघळवलेला तर त्याच दिवशी संपवा किंवा टाका.

डेसिकेटरमधले निळे सिलिका जेलचे खडे बघितलेत? तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा, आणि ते कर्करोगकारक मानलं जातं. कोबाल्ट नसलेले नारिंगी खडे मिळतात, ते भरा.

७. डीएमएसओ की डीएमएफ? आणि हातमोजे कुठले?

डीएमएसओ. डीएमएफ हा दुसरा द्रावक प्रजननक्षमतेला आणि गर्भाला घातक आहे. जुन्या कृतीत लिहिलाय एवढ्यावरून तो वापरायचं कारण नाही. डीएमएसओ स्वतः सौम्य असला तरी त्याची एक खोड आहे: कातडीतून आत जाताना तो विरघळलेली वस्तूही सोबत नेतो. म्हणजे हातावर पडलेला डीएमएसओ आणि हातावर पडलेला डीएमएसओमधला मॅलिमाइड या दोन वेगळ्या गोष्टी.

रोजचे पातळ नायट्राइल मोजे शिंतोड्यापुरते असतात. दोन जोड घाला आणि थेंब पडला की वरचा जोड तिथल्या तिथे बदला. पाण्यात विरघळणारे सल्फो-एनएचएस प्रकार मिळत असतील तर द्रावकाचा प्रश्नच उरत नाही.

८. मोकळा डाय काढायला डायलिसिस चालेल का?

डायलिसिस, म्हणजे मोकळा डाय पडद्यातून झिरपू देणं, चालेल, पण दोन दिवस आणि काही लिटर रंगीत कचरा. त्यापेक्षा जेल फिल्ट्रेशन, म्हणजे लहान रेणूंना मागे रेंगाळवणारा कॉलम. ०.५ मिली नमुन्याला २ मिली बेडचा स्पिन डिसॉल्टिंग कॉलम पुरतो, सेंट्रिफ्यूजमध्ये १,००० जी वर २ मिनिटं. नमुना २.५ मिली असेल तर पीडी-१० कॉलम, त्यातून ३.५ मिली बाहेर येतं. पाणीद्वेष्टे डाय, विशेषतः रोडामाइन, कॉलमला चिकटून हळूहळू झिरपत राहतात. तिथे दुसऱ्यांदा कॉलम करा. मोकळा डाय गेला का, हे बघायला नमुना एसडीएस जेलवर चालवा आणि कूमासी करण्याआधी निळ्या एलईडीवर बघा. जेलच्या तळाशी रंगाची रेघ दिसली तर तो राहिलाय. यूव्ही पेटी नको. डोळे आणि कातडी दोन्ही वाचतात.

९. किती डाय लागला ते कसं मोजू?

प्रकाशाचं शोषण दोन तरंगलांबींना मोजा. फ्लुओरेसिनचं उदाहरण: ४९४ नॅनोमीटरला ०.९५, २८० ला ०.८५. डाय स्वतःही २८० ला थोडं शोषतो, फ्लुओरेसिनसाठी ३० टक्के, तेवढं वजा करा: ०.८५ वजा ०.२८५ म्हणजे ०.५६५. आयजीजीचा शोषणाचा मोलर गुणांक २,१०,०००, म्हणून प्रथिन २.६९ मायक्रोमोलर. डाय ०.९५ भागिले ६८,००० म्हणजे १३.९७ मायक्रोमोलर. भागाकार ५.२, म्हणजे दर प्रतिपिंडामागे पाच डाय.

फ्लुओरेसिनचा रंग पीएचवर चालतो (पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो, ६.४ च्या आसपास), म्हणून हे मोजमाप पीएच ८ च्या वर करा, नाहीतर आकडा कमी येईल. मोकळा डाय राहिला असेल तर आकडा फुगतो. १५ आला तर खूश होऊ नका, प्रश्न ८ कडे परत जा. आणि तुमचं प्रथिन हीमवालं (लोहाचा रंगीत गट असलेलं) असेल तर २८० वर अवलंबून राहू नका, बीसीए या रंगाच्या चाचणीने मोजा.

१०. लेबल झालं, पण प्रथिन गोळा झालं किंवा काम करेनासं झालं. काय चुकलं?

बहुधा अति झालं. प्रत्येक लेबलमागे लायसिनचा एक धन भार जातो आणि त्या जागी चपटा, पाण्याला नकोसा डाय येतो. आयजीजीवर ४ ते ६ ठीक. ८ च्या पुढे गेलं की डाय एकमेकांचीच चमक विझवतात, म्हणजे लेबल जास्त आणि उजेड कमी. डाय पाचपटीवर आणा, किंवा सल्फोनेट गट असलेला जास्त पाणीप्रेमी डाय घ्या.

चमक चांगली आणि क्रिया गेलेली, असं असेल तर क्रियास्थळी लायसिन आहे का बघा. दोन वाटा: लेबल करताना त्या जागी सब्स्ट्रेट किंवा लिगँड बसवून ठेवायचा, किंवा लायसिन सोडून सिस्टिनवर जायचं. एक तिसरी युक्तीही आहे. पीएच ७ च्या जवळ लेबल केलं तर मुख्यतः एन-टोकाचा अमाइन लागतो, कारण त्याचा पीकेए ८ च्या आसपास आणि लायसिनचा १०.५ च्या. निवड पूर्ण नसते, पण पुष्कळदा पुरते.

११. मॅलिमाइड लावताना मर्कॅप्टोइथेनॉलच्या वासाने मजला रिकामा होतो. त्याशिवाय होईल का?

होईल. मर्कॅप्टोइथेनॉल लागतं ते आपसात जुळलेली सिस्टिन मोकळी करायला; त्याऐवजी टीसीईपी हा क्षपणकारक वापरा. वास नाही, हवेत पटकन बिघडत नाही. दहापट टीसीईपी, अर्धा तास, मग डिसॉल्टिंग कॉलमने काढून टाका. «टीसीईपी काढायची गरज नाही» असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं, पण तोही मॅलिमाइडशी थोडाफार लागतो आणि लेबल कमी पडतं. कॉलमनंतर रेंगाळू नका, सिस्टिन परत जुळतात. बफर हवा काढलेला, पीएच ७.० ते ७.२, १ मिलिमोलर ईडीटीएसह (ते धातूंचे आयन बांधून ठेवतं). दहापट मॅलिमाइड, २ तास किंवा ४ अंशांवर रात्रभर. पीएच ८ च्या पुढे नेलं तर लायसिनही लागायला लागतात. शेवटी उरलेला मॅलिमाइड संपवायला मर्कॅप्टोइथेनॉलऐवजी मोकळं सिस्टिन किंवा ग्लुटाथायोन घाला. मजला भरलेला राहील.

१२. बायोटिन लावलंय, पण पार्श्वभूमीच फार येते.

ब्लॉकिंगला (पृष्ठभागावरच्या रिकाम्या जागा झाकायला) दुधाची पावडर वापरताय का? दुधात बायोटिन असतं, बायोटिनला पकडणारं स्ट्रेप्टाव्हिडिन तिकडेच जातं. बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) वापरा. मोकळं बायोटिन राहिलं असेल तरी हेच होतं. किती लागलं ते हाबा चाचणीने बघता येतं: ५०० नॅनोमीटरचं शोषण जितकं उतरेल तितकं बायोटिन. ती चाचणी मोकळं बायोटिनही मोजते, म्हणून कॉलम आधी.

धोक्याच्या दृष्टीने सल्फो-एनएचएस-एलसी-बायोटिन ही सगळ्यात साधी सुरुवात: पाण्यात विरघळतं, द्रावक नको.

१३. लेबल एकाच ठराविक जागी हवं असेल तर?

प्रथिन स्वतः क्लोन करत असाल तर एन्झाइमला काम करू द्या. १५ अमिनो आम्लांचा अ‍ॅव्ही-टॅग जोडा. बीरए एन्झाइम एटीपी आणि मॅग्नेशियमच्या मदतीने त्यातल्या एकाच लायसिनवर बायोटिन बसवतं. सॉर्टेज-ए एलपीएक्सटीजी हा अमिनो आम्लांचा क्रम ओळखून कापतं आणि ग्लायसिनने सुरू होणारा लेबलवाला पेप्टाइड तिथे जोडतं. त्याला कॅल्शियम लागतं, म्हणून फॉस्फेट बफर टाळा, गाळ होतो. इथे चिकटखोर आकडा असलेलं रसायन तुमच्या बेंचवर येतच नाही. सुरक्षिततेच्या बाबतीत आमचं पहिलं मत याच पद्धतींना. वेळ मात्र क्लोनिंगचा धरावा लागतो.

१४. एचआरपी जोडायच्या कृतीत सायनोबोरोहायड्राइड आहे. टाळता येईल?

हो, आणि टाळाच. आम्लाशी गाठ पडली की त्यातून हायड्रोजन सायनाइड निघतो. कचऱ्याच्या बाटलीत आधीपासून आम्ल असेल तर तेवढंच पुरतं. पेरिऑडेटने एचआरपीच्या शर्करेवर अल्डिहाइड तयार केल्यावर त्याचा दुसऱ्या प्रथिनाच्या अमाइनशी जुळलेला बंध पक्का करायला २-पिकोलीन बोरेन वापरा. सोडियम बोरोहायड्राइडही चालतं, पण त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. ट्यूबचं झाकण घट्ट लावू नका.

१५. विकत घेतलेल्या प्रतिपिंडात अझाइड आणि बीएसए आहे. तसंच लेबल केलं तर?

बीएसए असेल तर नाही. बीएसएवर भरपूर लायसिन असतात आणि कुपीत ते प्रतिपिंडाच्या कितीतरी पट असतं. तुम्ही बीएसएच लेबल कराल. वाहक प्रथिन नसलेली कुपी मागवा, किंवा प्रथिन-ए ने वेगळं काढा.

टिकण्यासाठी घातलेला ०.०२ टक्के सोडियम अझाइड एनएचएसला फारसा नडत नाही. एचआरपीला मात्र अझाइड मारतो, आणि डीबीसीओ (अझाइड गट पकडणारा आकडा) वापरून क्लिक जोडणी करत असाल तर डीबीसीओ थेट अझाइडलाच लागतो. दोन्हीसाठी आधी कॉलम. अझाइडचं द्रावण सिंकमध्ये ओतू नका: शिसं आणि तांब्याच्या नळांत स्फोटक क्षार साचतात. आम्ल किंवा ब्लीचही त्यात घालू नका, विषारी वायू निघतात.

१६. उरलेला डाय एवढासाच असतो. सिंकमध्ये सोडला तर काय बिघडतं?

आपला सिंक शेवटी खाडीला किंवा समुद्राला मिळतो. ट्रिस घालून निष्क्रिय केलेलं द्रावण, कॉलम, टिपा हे सगळं रासायनिक कचऱ्यात. डीएमएसओवालं वेगळ्या बाटलीत, नाव आणि तारीख लिहून. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत साठवणुकीची मर्यादा साधारण ९० दिवसांची आहे, म्हणून बाटली भरायची वाट बघत बसू नका. संस्थेचा कचरा अधिकृत सुविधेकडेच जायला हवा. आपल्या पट्ट्यात तशी सुविधा तळोज्याला आहे.

काम झाल्यावर दिवे मालवून बेंचवर निळा टॉर्च फिरवा, नारिंगी चष्म्यातून बघा. पिपेटचा दांडा, फ्रीजचं हँडल आणि दाराची कडी, डाय सापडतो तो इथे.

१७. लहान पेप्टाइड आहे, डाय लावला की बंधच जुळत नाही. आयोडीनच लागेल ना?

कदाचित. दहा-बारा अमिनो आम्लांच्या पेप्टाइडला डाय म्हणजे लहान मुलाच्या पाठीवर पोतं. आधी पेप्टाइड बनवतानाच टोकाला लांब दुवा ठेवून बायोटिन लावून बघा. नाहीच जमलं तर लेबल केलेलं पेप्टाइड तयार विकत घ्या, म्हणजे उडणाऱ्या आयोडीनचा टप्पा दुसऱ्याच्या सुसज्ज हूडमध्ये होतो. ताब्यात ठेवायला परवानगी तरीही लागते.

स्वतःच करणं भाग असेल तर क्लोरामाइन-टी नको. त्याऐवजी आयोडोजेन घ्या, ते ट्यूबच्या भिंतीला चिकटलेलं असतं. प्रथिन ट्यूबमधून काढलं की क्रिया थांबते, क्षपणकारक घालावं लागत नाही. टायरोसिन महत्त्वाचं असेल तर बोल्टन-हंटर अभिकर्मक, तो अमाइनवर बसतो. कोळशाचा फिल्टर असलेला हूड हवा, आणि आयोडाइडच्या द्रावणात आम्ल कधीही जाता कामा नये; पीएच उतरला की आयोडीन हवेत जातं.

१८. जुन्या फ्रीजमध्ये रेडिओअ‍ॅक्टिव्ह खूण असलेली कुपी सापडली. दहा वर्षं झालीत, आता टाकून देऊ?

आधी समस्थानिक वाचा. आयोडीन-१२५ चा दोन वर्षांतच पाच हजारांतला एक भाग उरतो. गंधक-३५ (८७ दिवस) आणि फॉस्फरस-३२ (१४ दिवस) यांचंही दहा वर्षांत काही राहत नाही. पण ट्रिटियमचं (किरणोत्सारी हायड्रोजन) अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे निम्म्याहून जास्त अजून तिथेच आहे, आणि जीएम काउंटर त्याबद्दल एक टिकही देणार नाही. कार्बन-१४ चं तर ५,७३० वर्षं. लेबल पुसलेलं असेल तर ट्रिटियम समजूनच चाला.

कुपी हलवू नका, उघडू नका; फ्रीजला चिठ्ठी लावा आणि संस्थेच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. आयोडीनचा हिशोब शून्यावर आला तरी ती कचऱ्यात टाकायची की नाही, हे नोंदवहीत लिहून सही करायचं काम त्यांचं आहे, तुमचं नाही. आणि तोवर त्या फ्रीजमध्ये डबा ठेवणाऱ्यांना डबा बाहेर काढायला सांगा. तो तिथे मुळातच नको होता.